दोन आणि पाच

मद्यावर निबंध लिहावयाचा म्हणजे मराठी लेखकाला आरंभीच थोडे बचावाचे भाषण करावे लागते. तेवढे करून मोकळा होतो. वर्षातून चारदोन वेळा, आणि तेही थंडीच्या दिवसांत, मी तांबडी वाइन घेतो. घेतो पेलाभर, बोलतो मात्र घागरभर. आज मला जे कबूल करावयाचे आहे ते या घागरीविषयी.

माझ्या स्नेह्यांत वाइनचा जाणता म्हणून माझी ख्याती आहे. ती कशी झाली हे शोधू गेलो तर तिच्या मुळाशी वाइन फारशी सापडत नाही, पुस्तकेच सापडतात. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याला क्लॅरेट, बर्गंडी, शेरी ही नावे कादंबऱ्यांच्या पानोपानी भेटलेली असतात. कीट्सच्या नाइटिंगेलवरील ओडमधला द्राक्षरसाचा पेला तर मी तीस वर्षे वर्गात इतक्या वेळा उचलून दाखविला आहे की, तो आता माझ्याच घरच्या फडताळातला वाटतो. त्यामुळे चार मित्र जमले आणि बाटली उघडली की पहिला घोट माझ्याकडे यावयाचा, मी डोळे मिटावयाचे, पेला किंचित हालवावयाचा आणि 'ब्लॅककरंट' असे हलकेच पुटपुटावयाचे, असा आमचा परिपाठ पडून गेला होता. ब्लॅककरंट हे फळ मी उभ्या जन्मात पाहिलेले नाही. पण डॅफोडिलही मी कधी पाहिलेले नाही, आणि त्यावर प्रश्न काढीत आलो आहे.

गेल्या पौषात आमच्या डॉक्टरमित्रांची कन्या सुटीवर आली. ती नाशिककडे फळांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. येताना तिने पाच बाटल्या आणल्या होत्या, आणि तिची अट एकच होती. "काका, या वेळी नावे झाकून चाखायची. आधी चव सांगायची, मग नाव." मी हसून होकार दिला. माझ्या हसण्यात आत्मविश्वास होता असे इतरांना वाटले असावे. खरे सांगावयाचे तर परीक्षकाला एकदम परीक्षार्थ्याच्या बाकावर बसविल्यावर जे हसू येते ते ते हसू होते.

बैठक ठरली वकीलसाहेबांच्या शेतावर, कौंडण्यपुराजवळ. अमरावतीहून चाळीसेक किलोमीटर, तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठी हे गाव आहे. भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून पुराणे त्याचे नाव घेतात. दर आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास निघते. सोळाव्या शतकापासूनची ही चाल आहे, असे गावात सांगतात. अशा ठिकाणी वाइन पिण्यास जाताना मनाला थोडे चोरटे वाटतेच. शेत देवळापासून बरेच दूर आहे, असे वकीलसाहेबांनी मला दोनदा सांगितले. एकदा सांगून त्यांचे स्वतःचेच समाधान झाले नसावे. त्यात समोर नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा. गांधीजींची कर्मभूमी म्हणून तो १९७० च्या दशकापासून दारूबंदीखाली आहे. म्हणजे अलीकडच्या काठावर पेला हाती धरून बसलेला सभ्य गृहस्थ पोहता पोहता पलीकडे लागला तर गुन्हेगार व्हावयाचा! अर्थात अलीकडचा काठही कायद्याच्या दृष्टीने अगदीच मोकळा नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये पिणाऱ्याजवळ परवाना लागतो, ही गोष्ट शंभरांतल्या नव्वद पिणाऱ्यांना ठाऊक नसते. वकीलसाहेबांनी मात्र सर्वांचे परवाने एका लिफाफ्यात घालून आणले होते, आणि ते त्यांनी आम्हांला पानसुपारीसारखे वाटले.

"रुक्मिणीने नुसती कीर्ती ऐकून वर निवडला," ते म्हणाले, "आज आपण नाव न ऐकता निवडायचे."

शेतावर आमच्या आधी भाऊ येऊन बसला होता. सारे गाव त्याला भाऊच म्हणते. त्याची संत्र्याची बाग वकीलसाहेबांच्या धुऱ्याला लागून आहे. माझे आणि त्याचे नाते त्याहून जुने. आम्ही एका शाळेत शिकलो, एकाच वर्षी अमरावतीस कॉलेजात दाखल झालो, आणि पहिल्याच वर्षी तो इंग्रजीत नापास होऊन परत गावी आला. मी पुढे गेलो. त्या दिवसापासून तो मला थट्टेने 'प्रोफेसर' म्हणू लागला. मी खरोखर प्रोफेसर झालो तेव्हा त्या हाकेतली थट्टा गेली आणि मला कधीकधी ती परत यावीशी वाटली. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तो पीत नाही, आणि पिणाऱ्यांना उपदेशही करीत नाही. त्याने गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे घातले होते आणि चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. "तुमी घ्या," तो म्हणाला, "मी बसतो गप्पा आयकत."

डॉक्टरांच्या मुलीने आतल्या खोलीत बाटल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यांवर क्रमांक घातले आणि त्या खोलीत कोणी यावयाचे नाही असा दंडक केला. दिवस मावळत होता, हवेत गारठा होता. तांबडी वाइन खोलीच्या तपमानाला द्यावी असे इंग्रजी पुस्तके सांगतात. ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची, हे सांगावयास विसरतात. वऱ्हाडात मे महिन्यातल्या खोलीचे तपमान तिला दिले तर ती वाइन न राहता काढा होईल. पौषातली संध्याकाळ मात्र आम्हांला त्या पुस्तकांशी इमान राखू देत होती.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख. बैठक सुरू होण्यापूर्वी मी हात धुण्यास मागच्या अंगाला गेलो. परतताना त्या खोलीची खिडकी लागली. खिडकीतल्या फळीवर, बाकीच्यांपासून अलग, एक गुंडाळलेली बाटली हवा लागावी म्हणून अगोदरच उघडून ठेवलेली होती. कागदावर शाईने '४' काढलेला होता, आणि शेजारी तिचे बूच पडले होते. बुचावर एका फ्रेंच गढीचे नाव आणि साल छापलेले होते. मी तेथे थांबलो नाही. पण वाचण्याइतका वेळ लागला, आणि वाचणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो. बाहेर येऊन "पोरी, चार नंबरचे बूच मी पाहिले" एवढे वाक्य बोलावयाचे होते. ते मी बोललो नाही.

एकेक क्रमांकाचे लहान पेले येऊ लागले. पहिल्याला डॉक्टर 'जड' म्हणाले, वकीलसाहेब 'हलकी' म्हणाले, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी 'मध्यम' म्हणालो. हे उत्तर सर्वांना पटले. दुसऱ्या क्रमांकाला मी नाक मुरडले. "कोवळी आहे, उथळ आहे, घाईने बाटलीत भरलेली दिसते. नाशिकचीच असणार." तिसऱ्यावर काय बोललो ते आठवत नाही, कारण माझे सारे लक्ष चौथ्याकडे लागले होते. चौथा पेला आला तेव्हा मी बराच वेळ गप्प राहिलो. असे गप्प राहणे हा माझ्या धंद्यातला जुना डाव आहे. वर्गात कविता वाचून झाल्यावर मी असाच गप्प राहतो. मग संयम, वय, जुन्या जमिनीचा गंभीरपणा, असे काहीबाही बोलून मी म्हणालो, "ही बोर्दोची." पाचव्याला मी मनापासून दाद दिली : "ही मात्र प्रौढ आहे. लाकडी पिंपात मुरलेली, सीडरच्या लाकडाचा वास. ऑस्ट्रेलिया म्हणा, चिली म्हणा." सहावी गोड होती, ती गोव्याची पोर्ट हे लहान मुलानेही सांगितले असते.

मध्यंतरी भाऊने पोरीला एक प्रश्न विचारला होता. "काळ्या द्राक्षाचा रस तं आतून पांढराच असते ना गा? मंग हे लाल कायनं झालं?" मी उत्तर देण्यासाठी घसा खाकरला, आणि माझ्याजवळ उत्तर नाही हे माझ्या ध्यानी आले. मुलीने सांगितले : रंग सालीतून येतो. तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवितात. रंग उतरतो तो त्या वेळी, आणि जिभेला ओढणारा तुरटपणाही साली आणि बिया यांतूनच येतो. म्हणून या कामाची द्राक्षे आपल्या खाण्याच्या द्राक्षांसारखी टपोरी नसतात. लहान, जाड सालीची, बियांची असतात. १९८० च्या दशकात नारायणगावाकडे या उद्योगाचा आरंभ झाला, शतक पालटताना नाशिकने तो उचलला, २००१ मध्ये सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले, आणि पुढे दहा वर्षांच्या आतच माल तुंबून कित्येक बागाईतदारांनी वेली उपटून टाकल्या, हेही तिने सांगितले. भाऊने येथे मान हालविली. संत्र्याची झाडे उपटणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. माझ्या तीस वर्षांच्या वाइनविषयक वक्तृत्वात द्राक्षाच्या सालीचा उल्लेख एकदाही आला नव्हता.

सहा पेले झाले तसा भाऊ म्हणाला, "मले नुसता वास घेऊ दे. वासानं माळ तुटत नाही." मुलीने सहाही पेले त्याच्यापुढे ओळीने मांडले. त्याने ते माझ्यासारखे हालविले नाहीत. एकेकावर वाकला, डोळे उघडे ठेवून हुंगले, मध्येच बाजूला वळून आपल्या धोतराचा सोगा हुंगला आणि पुन्हा पेल्याकडे वळला. पुढे मुलीने मला सांगितले की कसलेले जाणकारही नाक थकले की असेच स्वतःच्या बाहीचा वास घेतात. मग तो बोलला. "पयला पिकल्या जांभळासारखा. तिसऱ्याले मिऱ्याचा ठसका हाय. चवथा म्हंजे पेटीतले जुने कपडे. सहावी तं काकवीच हाय. अन् हे दोन नं पाच एकच हाय बाप्पा. दोन्हीले भिजल्या बारदान्याचा वास."

आम्ही सगळे हसलो. मी केवळ हसलो नाही, मी बोललो. "भाऊ," मी म्हणालो, "ही वाइन आहे, सोयाबीनचे पोते नव्हे." पुन्हा हशा पिकला. भाऊही हसला. इतरांचे हसणे मी विसरलो आहे. त्याचे मला अजून दिसते. कॉलेजातून गावी परतताना मोटारतळावर तो असाच हसला होता.

मग कागद उतरले. पहिली नाशिकची शिराझ, तिसरी ऑस्ट्रेलियातली शिराझ, चौथी बोर्दो, सहावी गोव्याची पोर्ट. दोन आणि पाच यांच्यासाठी बाटली एकच निघाली : नाशिकची कॅबर्ने सॉव्हिन्यों. पाच बाटल्यांतून सहा क्रमांक करण्याचा कावा पोरीने मुद्दाम केला होता. जी मला दुसऱ्या खेपेला उथळ आणि कोवळी लागली तीच पाचव्या खेपेला प्रौढ आणि मुरलेली लागली होती, आणि मधल्या वेळात ती वाढली होती ती फार तर वीस मिनिटांनी.

क्षणभर शांतता झाली. माझी फजिती व्हावयाची ती याच वेळी. पण डॉक्टर ओरडले, "अहो, पण बोर्दो ओळखली की नाही! नेमकी ओळखली!" आणि टाळ्या पडल्या. दोन आणि पाच यांचा विषय त्या टाळ्यांत बुडून गेला. मुलीने माझे सांत्वनही केले. कॅलिफोर्नियात हॉजसन नावाच्या एका निवृत्त प्राध्यापकाने, जो स्वतः छोटा वाइन-कारखानदारही होता, तेथील मोठ्या स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतले मद्य न सांगता तीन-तीनदा दिले. त्यांच्यांत दहांतला सुमारे एकच आपल्या मताशी इमान राखून निघाला. त्याचा लेख २००८ साली छापला गेला. शिवाय १९७६ चे पॅरिस होतेच. त्या मे महिन्यात नावे झाकून घेतलेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनीच फ्रान्सच्या नामांकित गढ्यांच्या वर कॅलिफोर्नियाची वाइन बसविली, आणि एकाने तर कॅलिफोर्नियाचाच घोट घेऊन आपण फ्रान्सला परतल्याचा आनंद व्यक्त केला. "तेव्हा काका, तुम्ही चांगल्या संगतीत आहात," ती म्हणाली. मी मान डोलाविली. त्या परीक्षकांची आणि माझी संगत बरोबर नव्हती. ते प्रामाणिकपणे चुकले होते.

खरे म्हणजे ही परीक्षा मला नवी वाटू नये. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाटल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली पुस्तकरूपाने छापले. डन, हॉपकिन्स यांच्यासारख्यांच्या कविता पुष्कळांनी नापसंत केल्या आणि आज कोणी ओळखत नाही अशा नावांना डोक्यावर घेतले. ते पुस्तक मी वर्षानुवर्षे शिकविले, विद्यार्थ्यांच्या चुकांवर हसलो, आणि तीच परीक्षा स्वतःवर करून पाहण्याचे मला एकदाही सुचले नाही. एकदा मात्र ती आपोआप झाली होती. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात एकाच गाइडातून शब्दशः उतरलेली दोन उत्तरे माझ्यापुढे आली. एकाला मी सोळापैकी सात गुण दिले होते, दुसऱ्याला अकरा. पहिले सकाळी तपासले होते, दुसरे चहानंतर. चूक ध्यानी आली तेव्हा मी दोघांनाही नऊ करून टाकले आणि न्याय केल्याच्या समाधानात गठ्ठा बांधला.

जेवताना गोष्टी भलतीकडे गेल्या. वकीलसाहेबांना इतिहासाचा नाद आहे. १९६० च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांच्या नेतृत्वाखाली कौंडण्यपूरला उत्खनन झाले त्याच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. मग सातवाहनांवर गाडी गेली. त्या काळी भडोचच्या बंदरात इटलीची वाइन उतरत असे आणि तीच पसंत केली जाई, असे एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे विलायती शिक्क्याची आपली आवड दोन हजार वर्षांची जुनी. नेवाशाला तसल्या वाइनच्या घड्यांची खापरे सापडली, परंतु भारतात रोमन म्हणून नोंदलेली अशी कित्येक खापरे अलीकडे पुन्हा तपासली असता मेसोपोटेमियाकडच्या घड्यांची ठरली आहेत. "म्हणजे तेथेही लेबल बदलले!" असे म्हणून डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. रोडगे फार उत्तम झाले होते. भाऊ प्रत्येकाच्या ताटात तूप ओतीत फिरत होता, आणि माझ्या ताटात त्याने सर्वांपेक्षा जास्त ओतले.

निघताना त्याने मोटारीत संत्र्यांची थैली ठेवली आणि बॅटरीच्या उजेडात मला रस्त्यापर्यंत सोडावयास आला. नदीवरून गार वारा येत होता. पलीकडच्या काठावर एखाददुसरा दिवा होता. चालता चालता त्याने विचारले, "प्रोफेसर, ते चार नंबरचं तुले कसं समजलं गा? मले नुसता जुन्या कपड्याचा वास आला. त्याच्यात गाव कोनतं, मुलूख कोनता, हे कसं वळखावं?"

विचारण्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता. त्याला शिकावयाचे होते. मी सांगू शकलो असतो. वाटेवर दोघेच होतो, अंधार होता, आणि इतक्या वर्षांची मैत्री होती. मी म्हणालो, "अनुभवाने."

"हो," तो म्हणाला, "अनुभव लागते." आणि बॅटरीचा झोत त्याने माझ्या पायांपुढे धरला, कारण तेथे चर होता.

हे मासिक भाऊ मन लावून वाचतो. माझे काही छापून आले की त्या महिन्याचा अंक मी त्याला टपालाने पाठवितो, आणि आठवडाभरात त्याचे कार्ड येते. पूर्वी त्या कार्डांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त करून त्याला परत दाखवीत असे. हा अंक मी टपालात टाकणार नाही. आंबिया बहराची फुले आली आहेत असे त्याने कळविले आहे. रविवारी कौंडण्यपूरला जाऊन मी तो त्याच्या हाती देणार आहे आणि तो वाचून होईपर्यंत तेथेच बसणार आहे.